रेस अडकते, पेडल जड लागतं: केबलला तेल सोडायचं की केबल बदलायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी २००६ ची मारुती ८००, एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी. वाईहून पाचगणीला कामासाठी नेहमीचं जाणं-येणं. पावसाळ्यापासून ॲक्सिलरेटरचं पेडल सकाळी जड लागतं, आणि अलीकडे पसरणीच्या घाटात पाय उचलल्यावरही रेस लगेच खाली आली नाही. गावातल्या मेकॅनिकने केबलमध्ये तेल सोडलं, आठवडाभर बरं वाटलं, पुन्हा तेच सुरू झालं. आता केबल बदलावी का, घरी बदलता येईल का, आणि कंपनीचीच घ्यावी की बाजारातली चालेल, असं तुम्ही विचारलंय.

केबल बदला. ती बदलून होईपर्यंत ही गाडी घाटात नेऊ नका. पेडल जड लागणं हा त्रास आहे, पण पाय उचलल्यावर रेस वर राहणं हा धोका आहे. या दोन गोष्टी एकाच केबलमुळे होत असल्या तरी त्यांना सारखं वजन देऊ नका. केबल तुटली तर गाडी निदान थांबते. थ्रॉटलवरची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेवरची, स्प्रिंग ती झडप बंद करते, इंजिन आयडलिंगला येतं आणि तुम्ही पहिल्या गिअरमध्ये रांगत कडेला घेऊ शकता. केबल अडकली तर मात्र इंजिन गाडीला पुढे ढकलत राहतं, आणि ते नेमकं उतारावरच्या वळणात झालं तर सावरायला जागा नसते.

म्हणून दुरुस्तीचं बोलण्याआधी हे सांगतो, आणि गाडी घरातलं जो कोणी चालवत असेल त्यालाही सांगा. चालत्या गाडीत रेस अडकली तर क्लच पूर्ण दाबा आणि ब्रेक एकदाच, घट्ट दाबून धरा. क्लच दाबल्यावर इंजिन जोरात ओरडेल. त्या आवाजाला घाबरून क्लच सोडू नका. ब्रेक पुन:पुन्हा मारू नका, कारण ब्रेकला पायाचा जोर वाढवणारा बूस्टर असलेल्या गाडीत त्याची ओढ इंजिनच्या व्हॅक्युमवर चालते. थ्रॉटल उघडी राहिली की तो व्हॅक्युम तयार होत नाही, आणि दोन-तीनदा ब्रेक मारल्यावर साठलेलाही संपतो. मग पेडल दगडासारखं लागतं. गाडी ताब्यात आली की किल्ली एकच घर मागे घ्या, म्हणजे इंजिन बंद होईल. किल्ली बाहेर काढू नका, स्टिअरिंग लॉक होतं. गाडी थांबली की हँडब्रेक ओढा, गिअर टाका, चाकाला दगड लावा, आणि निघताना तो दगड रस्त्यातून बाजूला काढा. घाटात पडून राहिलेल्या अशा दगडांनी दुचाकीवाले पडतात. पेडल वर ओढायला चालत्या गाडीत खाली वाकणं तर अजिबात नको.

आता तेलाकडे वळतो. तुमच्या मेकॅनिकने वाईट हेतूने काही केलं नाही, जुनी पद्धत तीच होती. पूर्वीच्या केबलमध्ये पिळाची लोखंडी नळी आणि आत तार, एवढंच असायचं. तिला पातळ तेल लागायचंच. नंतरच्या गाड्यांच्या केबलमध्ये बाहेरची नळी आणि आतली तार यांच्यामध्ये नायलॉन किंवा टेफ्लॉनचं गुळगुळीत अस्तर असतं. त्या अस्तरावर तार कोरडीच सरकायची असते. अशा केबलमध्ये इंजिन ऑइल किंवा ग्रीस भरलं की काही दिवस मोकळं वाटतं, कारण आत साचलेला गंजाचा चुरा मऊ होतो. मग त्याच तेलात धूळ बसते, त्याचा चिखल होतो आणि थंडीत तो घट्ट होतो. सकाळी पेडल जड आणि इंजिन तापल्यावर जरा हलकं, असं तुम्ही लिहिलंय. त्यावरून आत हेच झालं असणार.

पण मूळ झीज तेलाची नव्हे, तारेची असते. ही तार बारीक पोलादी धाग्यांना पीळ देऊन केलेली असते. जिथे ती वळते आणि जिथे टोकाच्या निपलला, म्हणजे खाचेत अडकणाऱ्या धातूच्या गुंडीला, जोडलेली असते, तिथे प्रत्येक वेळी पाय दाबताना तेच ठरावीक धागे वाकतात. विहिरीच्या रहाटाचा दोर कप्पीवर एकाच जागी विरतो, तशीच ही तार एकाच जागी विरते. पहिला धागा तुटला की त्याचं टोक बाहेर उभं राहतं. ते टोक अस्तराला ओरखडे काढतं, अस्तराचा कीस निघतो, आणि एक दिवस ते उभं टोक नळीच्या तोंडाशी अडकतं. तुमचा पाय वर येतो, स्प्रिंग ओढत असते, पण तार आत सरकत नाही. घाटातली तुमची रेस अशीच अडकली असावी. म्हणून निपलपाशी एक जरी धागा तुटलेला दिसला तरी मी ती केबल परत बसवत नाही. ग्राहक म्हणतो, अजून बाकीचे धागे आहेत की. आहेत, पण तार तुटण्याची भीती मला कमी वाटते, ती अडकण्याची जास्त वाटते.

आपल्या भागात यात पाण्याची भर पडते. साताऱ्यात माझ्याकडे महाबळेश्वर-पाचगणीच्या आणि पाटणच्या गाड्या येतात, तशाच माण-खटावच्याही येतात, आणि दोन्हीकडच्या केबल वेगळ्या पद्धतीने खराब झालेल्या असतात. माण-खटावच्या केबलमध्ये बारीक कोरडी माती असते. ती हळूहळू घासते, पण लवकर अडकवत नाही. वरच्या पट्ट्यातल्या केबलमध्ये गंज असतो. नळीच्या टोकावरचं रबरी टोपण तडकलं की पावसाचं आणि धुक्याचं पाणी तिथून आत शिरतं आणि केबलचा जो भाग सगळ्यांत खाली लोंबतो तिथे जाऊन बसतं. बाहेरून काही दिसत नाही. सांगलीकडे २०१९ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांचंही असंच. इंजिन, सीट, वायरिंग सगळं साफ करून घेतलं, पण ॲक्सिलरेटर आणि क्लचच्या केबल बऱ्याच जणांनी तशाच ठेवल्या, कारण त्या दिवशी त्या चालत होत्या. कृष्णेचा गाळ आत सुकला आणि काही महिन्यांनी पेडलं घट्ट होऊ लागली. पाण्यात बुडालेल्या गाडीची केबल चालत असली तरी बदलावी, असं माझं मत आहे. जुनी गाडी विकत घेताना ती पुरातली असल्याची शंका आली तर हेही बघा.

आणखी एक कारण म्हणजे उंदीर. कराडपासून सांगलीपर्यंत ऊसतोड सुरू झाली की शेतातले उंदीर घराकडे सरकतात, आणि बोनेटखालची ऊब त्यांना आवडते. केबलचं वरचं प्लॅस्टिक कुरतडलं की आतला पोलादी पीळ उघडा पडतो आणि तिथून गंज सुरू होतो.

पण केबल मागवण्याआधी दोष केबलचाच आहे ना, हे पाहून घ्या. याला पाच-दहा मिनिटं लागतात आणि हत्यार लागत नाही. इंजिन बंद ठेवून बोनेट उघडा. केबल ज्या चाकतीला जोडलेली आहे ती थ्रॉटल बॉडीवर सापडेल. ती हाताने फिरवून तार सैल करा आणि निपल खाचेतून काढा. आता चाकती केबलपासून सुटी झाली. चाकती बोटाने उघडा आणि सोडा. ती सटकन बंद झाली पाहिजे. सुरुवातीलाच चिकटल्यासारखी वाटली तर आत बटरफ्लायच्या, म्हणजे झडपेच्या, कडेला काजळी जमली आहे. तिथे केबल बदलून काही होणार नाही, थ्रॉटल बॉडी साफ करावी लागेल. मग सुटलेल्या तारेचं टोक धरून पेडलच्या बाजूने कुणाला तरी हळूहळू ओढायला-सोडायला सांगा. खरखर, अडखळणं, मध्येच जड होणं हाताला लगेच कळतं. शेवटी पेडलकडचंही निपल काढा आणि पेडल नुसतं हाताने वर-खाली करून पाहा. त्याच्या दांड्याची पिन गंजलेली असते, तेव्हाही पेडल जड लागतं. आणि पायाखालची मॅट पाहा. ८०० मध्ये पायाची जागा मुळातच अरुंद, त्यात एकावर एक दोन जाड मॅट टाकल्या की पेडल मॅटच्या कडेला अडकतं. हे इतकं साधं कारण असतं की कुणी तिकडे बघतच नाही.

तुमची गाडी एमपीएफआय आहे. कार्ब्युरेटरवाली ८०० किंवा ओम्नी असती तर चोकचं बटणही बघायला सांगितलं असतं. ते अर्धवट बाहेर राहिलं किंवा चोकची केबल अडकली, तरी रेस वर राहते आणि दोष ॲक्सिलरेटरवर जातो.

आता ज्या गोष्टीसाठी एवढं लांब उत्तर लिहायला घेतलं, ती सांगतो. केबल बदलली आणि ती थोड्याच दिवसांत पुन्हा घट्ट झाली, अशी गाडी आली की मी केबलकडे न बघता आधी अर्थिंगची पट्टी बघतो. इंजिन रबराच्या मौंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या हिशेबाने ते बॉडीपासून तुटलेलं असतं. म्हणून बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन-गिअरबॉक्सपर्यंत आणि बॉडीपर्यंत जाड वायर किंवा विणलेली पट्टी लावलेली असते. ती गंजली, ढिली झाली किंवा गिअरबॉक्सचं काम झाल्यावर परत लावायची राहिली, तर स्टार्टरचा करंट परतीचा रस्ता शोधतो. स्टार्टर शंभरेक अँपिअर ओढतो. तेवढा करंट मग इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या कुठल्याही धातूतून जातो, आणि त्यात ॲक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल, स्पीडोमीटरची केबल येतात. बारीक तार त्या करंटने तापते, आतलं अस्तर वितळतं आणि तारेला चिकटतं. तुम्ही दहा केबल बदला, दहाही जातील.

याच्या खुणा ठरलेल्या आहेत. स्टार्टर मारताना आवाज मंद येतो, बॅटरी चांगली असूनही. स्टार्टर मारून झाल्यावर केबलच्या टोकाचा धातू हाताला कोमट लागतो. जुनी केबल काढल्यावर नळीचं प्लॅस्टिक कुठेतरी फुगलेलं किंवा वितळलेलं असतं, आणि ती जागा सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब असते. मल्टिमीटर असेल तर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक इंजिनच्या स्वच्छ धातूवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंग खराब आहे. मीटर नसेल तर जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनच्या धातूला लावून स्टार्टर मारा. फरक कानाला कळला तर उत्तर मिळालं. पट्टी काढून दोन्ही टोकांची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासून परत आवळली की बहुतेकदा काम होतं, पट्टी विरली असेल तर नवी टाका.

त्याच सपाट्यात इंजिन मौंटिंगही पाहून घ्या. बोनेट उघडं ठेवून, हँडब्रेक ओढून, कुणाला तरी ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभं राहून पाहा, गाडीच्या समोर नाही. इंजिन खूपच डुललं तर रबर गेलं आहे. डुलणारं इंजिन प्रत्येक झटक्याला केबल ओढतं, त्यामुळे रेस आपोआप वाढते-घटते आणि केबलची टोकं लवकर विरतात.

कुठली केबल घ्यावी? गाडीचं मॉडेल, साल आणि एमपीएफआय की कार्ब्युरेटर हे सांगूनच मागा, आणि जुनी केबल सोबत न्या. काउंटरवरच दोन्ही शेजारी ठेवा. नळीची लांबी, नळीबाहेर येणारी तारेची लांबी आणि दोन्ही टोकांच्या निपलचा आकार जुळला पाहिजे. लांबीत एक-दोन बोटांचा फरक असला तरी ती घेऊ नका, ताण कमी-जास्त करायच्या ॲडजस्टरमध्ये तेवढी जागा नसते. कंपनीची मिळाली तर तीच घ्या, किमतीतला फरक फार नसतो. न मिळाल्यास बाजारातली चांगली केबलही चालते, फक्त एक परीक्षा घ्या. नवी केबल हातात गोल गुंडाळून तार पुढे-मागे ओढा. गोलातही ती बिनआवाज सरकली, दोन्ही टोकांना रबरी टोपणं असली आणि निपल तारेवर सरळ बसवलेलं असलं, तर घ्या. जुन्या तारेला सायकलच्या दुकानातलं स्क्रूचं निपल लावून देणारे भेटतील. मोटारसायकलची केबल कापून बसवून देणारेही आहेत. हे करू नका. स्क्रूखाली तार चेपते, धागे तिथेच तुटतात, आणि आपण ज्यातून सुटायला बघतोय तेच परत येतं.

घरी बदलता येते. हत्यारं म्हणजे दोन पाने आणि एक पक्कड, बस्स. अवघड आहे ते पेडलच्या बाजूला उलटं झोपून अंधारात हात घालणं. मोबाइलचा उजेड आणि मदतीला एक माणूस हवा. काढण्याआधी जुनी केबल कुठून कुठे गेली आहे, कुठल्या क्लिपमध्ये आहे, कशाच्या मागून आणि कशाच्या वरून गेली आहे, याचे फोटो काढा. ॲडजस्टरचे दोन नट आणि बाहेर राहिलेल्या चुड्या, हाही फोटो असू दे.

आधी इंजिनकडचं टोक सोडवा, मग पेडलच्या दांड्याच्या वरच्या खाचेतून निपल काढा, फायरवॉलवरचं, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीवरचं, केबल धरून ठेवणारं लॉक सोडवा आणि केबल इंजिनच्या बाजूने ओढून घ्या. ओढताना फायरवॉलमधलं रबरी ग्रोमेट पाहा. ते कडक झालं असेल तर तेही बदला, नाहीतर पावसाळ्यात तिथून पाणी पायाशी येईल. नवी केबल त्याच वाटेने घाला. वळण जितकं मोठं तितकं चांगलं, कुठे कोपरा नको. मॅनिफोल्डला टेकू देऊ नका. आणि प्लॅस्टिकचे टाय मारून ती आवळू नका. गॅस किट किंवा एसी बसवताना कुणीतरी केबल बाजूला ओढून टायने करकचून बांधलेली मी बऱ्याच गाड्यांत बघतो. नळी चेपली की आतली तार तिथे घासायला लागते.

ताण देण्यात घाई करू नका. केबल तणावलेली वाजत असेल तर जास्त ओढली आहे. पेडल मोकळं असताना तारेवर बोट ठेवलं की ती थोडी लवली पाहिजे, आणि चाकती आपल्या स्टॉपरवर पूर्ण टेकलेली हवी. एमपीएफआय गाडीत हे जास्त महत्त्वाचं आहे. झडप केसभर उघडी राहिली तरी आयडलिंग वर राहतं आणि मग लोक सेन्सर बदलत बसतात. थ्रॉटल बॉडीवर स्टॉपरचा एक स्क्रू असतो, कंपनीने रंग लावून ठरवलेला. रेस कमी-जास्त करायला त्याला हात लावू नका. नेमकं किती मिलिमीटर ढिलं ठेवायचं हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, ते धरा.

मग मदतनीसाला पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि तुम्ही चाकती पाहा. ती पूर्ण उघडायला हवी. चाकती आणि शेवटच्या स्टॉपरमध्ये एखाद-दोन मिलिमीटर फट राहिली तर उत्तम, म्हणजे पायाचा सगळा जोर तारेवर येत नाही. फट खूप राहिली तर इंजिनला पूर्ण ताकद मिळणार नाही, आणि हे सपाटीवर कळत नाही, चढावर कळतं. खंबाटकी चढताना पूर्वी तिसऱ्यात जाणारी गाडी आता दुसरा मागते, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी काहींचं इंजिन ठणठणीत असतं, फक्त ढिल्या केबलमुळे थ्रॉटल पूर्ण उघडत नसते.

जुन्या डिझेल गाडीवाल्यांनाही यातलं बहुतेक लागू आहे. तिथे केबल थ्रॉटलऐवजी डिझेल पंपाच्या लिव्हरला जाते, एवढाच फरक. आणि ज्यांच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक पेडल आहे त्यांनी केबल शोधू नये. तिथे पेडलपासून इंजिनपर्यंत फक्त वायर जाते, आणि दोष शोधायला स्कॅनर लागतो.

सगळं बसवून झाल्यावर इंजिन बंद ठेवूनच पेडल वीस-पंचवीस वेळा दाबा आणि अचानक सोडा. प्रत्येक वेळी चाकती स्टॉपरवर आपटल्याचा आवाज आला पाहिजे. मग इंजिन सुरू करून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून तेच करा. पहिली चक्कर वाई ते सुरूर फाटा अशी सपाट रस्त्यावर मारा, पाचगणीकडे नको. दोन-तीन आठवड्यांनी ॲडजस्टरचे नट पुन्हा एकदा तपासा, कारण नवी केबल वापरात बसते आणि थोडी ढिली होते. अर्थिंगच्या पट्टीचं काय निघालं तेही कळवा. तुमच्या क्लचची केबल जड झाली असेल तर माझा त्या पट्टीवरचा संशय आणखी वाढेल.